प्रभावतीबाईंच्या पायातला पेटका

प्रभावतीबाईंच्या तळपायात पहिला पेटका आला तेव्हा त्यांच्या ओसरीवर चार माणसं बसली होती, आणि बाईंच्या मते त्या चौघांत मिळून एका माणसापुरतीही अक्कल नव्हती.

दुपारच्या चहाची वेळ होती. बाई ट्रे घेऊन बाहेर आल्या, कप ठेवायला वाकल्या आणि उजव्या पायाची बोटं आपोआप आत वळली. ओलं फडकं पिळावं तसा तळव्याच्या कमानीत पीळ बसला. ट्रे कसाबसा टेकवून त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. ओरडल्या मात्र नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळांत हयात काढलेली बाई रिकामटेकड्यांसमोर ओरडत नसते.

"नस चढली!" शेजारच्या साळूबाईनं लगेच निकाल दिला. "बाई, नसेवर नस चढली. डाव्या पायाच्या अंगठ्याला काळा धागा बांधा. माझ्या नणंदेनं बांधला, मंग पुन्हा म्हणून आली न्हाई."

"दुखतोय उजवा पाय," बाई दात आवळून म्हणाल्या.

"म्हणून तर डाव्याला."

संपत हा बाईंच्या नवऱ्याचा मित्र, एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. तो उठून जवळ आला. "वहिनी, कानाची पाळी दाबा. बिलकुल आराम पडतो. मी तर गाडी चालवता चालवता दाबायचो."

हा माणूस एका हातानं कान धरून भोकरदनपर्यंत गाडी नेत होता आणि त्या गाडीत आपण बसत होतो, हे बाईंना त्या दिवशी कळलं. साळूबाईच्या बरोबर आलेली नंदाबाई म्हणाली, गादीखाली साबणाची वडी ठेवा. कोणता साबण, असं बाईंचे यजमान कडूबा यांनी गंभीरपणे विचारलं. मग कोणता साबण चांगला यावर ओसरीवर चर्चा सुरू झाली आणि ज्या बाईचा पाय पिळवटत होता ती भिंतीपाशी एका पायावर उभी राहिली.

थोड्या वेळानं पीळ आपोआप सुटला. बाई सरळ झाल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चहा प्या आणि निघा."

प्रभावतीबाई अशाच होत्या. जाफराबादेत त्यांना ओळखत नाही असा माणूस विरळा. कारण निम्म्या गावाला त्यांनी शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्याला कधी ना कधी झापलं होतं. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा त्यांनी भिंतीवर टांगल्या नव्हत्या, तोंडपाठ केल्या होत्या. वडील टेंभुर्णीकडे दुसऱ्याच्या शेतात राबले, पण पोरीच्या हातात कुणी गंडा बांधायला आलं तर त्याला उंबऱ्याबाहेर उभं करायचे. तो बाणा बाईंनी जसाच्या तसा उचलला, आणि पुढे त्यात स्वतःची भर घातली. वडिलांना फक्त धागेदोरे करणाऱ्यांचा तिटकारा होता. बाईंना चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ लिहिणाऱ्यांचा, मोठ्यानं फोनवर बोलणाऱ्यांचा, रविवारी सुद्धा उशिरा उठणाऱ्यांचा आणि एकंदरीतच बहुतेकांचा होता.

पेटके पुन्हा आले. कधी चप्पल घालताना, कधी मांडी मोडून उठताना, तर कधी पहाटे अंथरुणात पाय ताणताच. कडूबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावानं मऊ. बायकोपुढे त्यांचं चालत नसे, पण या वेळी त्यांनी हट्ट धरला.

"आगं, दवाखान्यात तर चल. बघून घ्यायला काय खर्चा लागतो?"

"खर्चाचा प्रश्न नाही. तिथे ती मुलगी आहे."

ती मुलगी म्हणजे ग्रामीण रुग्णालयातली डॉक्टर अर्पिता. तिसरीत ती बाईंच्या वर्गात होती. खिडकीपाशी बसायची आणि बाहेरच्या शेळ्या बघत राहायची. आता ती गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून बसली होती. बाई आत आल्याबरोबर उठून उभी राहिली, हे तिनं बरं केलं. नंतर मात्र तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि बाईंना उलटतपासणी आवडत नसे.

"बाई, दिवसाला पाणी किती पिता?"

"लागेल तेवढं."

"म्हणजे किती?"

"सकाळी चहा. जेवताना अर्धा पेला. मला सवय नाही पाणी ढोसण्याची."

अर्पितानं मान वर केली. "का पण?"

बाईंनी हे उत्तर अभिमानानं दिलं. नोकरी लागली तेव्हापासून ज्या ज्या गावांत त्या शिकवायला गेल्या, तिथल्या शाळांत बाईमाणसासाठी संडास नव्हता. सकाळी जीपनं निघायचं, संध्याकाळी परतायचं. पाणी प्यायलं की पंचाईत. म्हणून त्यांनी पाणीच सोडलं. बरोबरच्या बायका रडायच्या, बदल्या मागायच्या, सरपंचाच्या घरी जाऊन मिनतवाऱ्या करायच्या. प्रभावतीबाईंनी कुणापुढे हात पसरला नाही. "तहान ताब्यात ठेवता आली पाहिजे," त्या म्हणाल्या.

अर्पितानं बाईंचा पाय हातात घेतला, तळव्याची कमान अंगठ्यानं दाबून पाहिली, बोटं हलकेच वर ओढली.

"हा पेटका नसेचा नाही, बाई. स्नायू आखडतो आणि सैल व्हायचं विसरतो. पाणी कमी, त्यात उन्हाचा घाम. शिवाय तुम्ही प्रेशरची जी गोळी घेता तिनं लघवी जास्त होते, तिच्यावाटे अंगातले क्षार जातात. गोळी स्वतःहून बंद करू नका. रक्त तपासू, मग मी ठरवते. तोवर पाणी वाढवा. चप्पल जरा रुंद घ्या, ही टोकाला चिमटते. आणि पेटका आला की बोटं धरून नडगीकडे ओढायची, नाहीतर उभं राहून पाऊल सपाट जमिनीवर दाबायचं. टाच उचलायची नाही. सुटला की तळवा चोळा, गरम पाण्यात ठेवा."

"संपलं?" बाईंनी विचारलं.

"संपलं."

बाहेर आल्यावर बाई कडूबांना म्हणाल्या, "पाणी प्या आणि पाय ताणा. एवढं सांगायला एवढी वर्षं शिकली? हे तर हौदावरची म्हैससुद्धा करते."

"आगं, पण म्हशीला पेटके येत न्हाईत," कडूबा म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते घरापर्यंत चार पावलं मागून चालले. रक्त तपासायला बाई गेल्याच नाहीत.

याच सुमाराला जावई अवतरले. सुमित हा बाईंच्या एकुलत्या एक मुलीचा, अक्षताचा नवरा. दिसायला नीटनेटका, बोलायला गोड, आणि बाईंच्या हिशेबात कुठल्याही वर्गात पुढे न ढकलण्याच्या लायकीचा. आधी त्यानं संगणक क्लास काढला, तो बुडाला. मग पाण्याच्या जारचा धंदा, तोही बुडाला. आता तो 'पदस्फूर्ती' नावाचे चुंबकी सोल विकत होता. बुटात घालायचे, निळे, वर रबराचे उंचवटे आणि मध्ये बटणाएवढी चुंबकं. पेटके, टाचदुखी, गुडघेदुखी, झोप न लागणं आणि मुलांचं अभ्यासात लक्ष नसणं, एवढ्या सगळ्यावर ते चालत.

"पदस्फूर्ती असा शब्द मराठीत नाही, सुमितराव," बाई म्हणाल्या. जावयाला त्या कधी अरेतुरे करत नसत. मनात जे होतं ते अहोजाहोच्या आत नीट घडी घालून ठेवत.

"मामी, कंपनीनं दिलंय नाव. शास्त्र आहे याच्यामागं."

"कुठलं?"

"चुंबकीय."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. हा मुलगा शिकलेल्या घरातला होता. त्याचे आजोबा नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आले होते. आणि त्यांचा नातू काळ्या धाग्याऐवजी निळं रबर विकत होता. साळूबाई निदान धागा फुकट बांधायला सांगत होती.

अक्षता स्वयंपाकघरात आली आणि तिनं दार लोटून घेतलं. "आई, एक मागते. रविवारी मेळावा आहे. मोठे साहेब येणार आहेत. प्रत्येकानं घरातलं एक माणूस स्टेजवर आणायचंय, सोल वापरणारं. तू दोन शब्द बोल. तुला गाव मानतं."

"खोटं बोलू?"

"खोटं नको. फक्त वापरते म्हण. आई, त्यांचं हे तरी नीट लागू दे. घरात दिवसदिवस गप्प बसतात ग."

पोरीचे डोळे भरून आले होते. बाईंना रडणाऱ्या माणसांचाही तिटकारा होता, पण ही त्यांची पोर होती. "वापरते म्हणेन," त्या म्हणाल्या. "पुढे एक अक्षर नाही."

शब्द दिला तो पाळायचा, म्हणून बाईंनी ते सोल खरोखरच वापरायला घेतले. उघड्या चपलेत ते बसेनात. मग शाळेच्या तपासणीला घालायचे काळे बंद बूट माळ्यावरून काढले. ते मुळातच घट्ट होते. त्यात सोल सरकवल्यावर बोटांना हलायलाही जागा उरली नाही. पेटके वाढले. सुमितला सांगितलं तर तो आनंदानं म्हणाला, "म्हणजे काम सुरू झालं, मामी!"

रविवारी मंगल कार्यालय भरून गेलं. उन्हाळा ऐन भरात, डोक्यावर पत्रे, पंखे फिरत होते ते गरम हवा ढवळायला. बाईंना व्यासपीठावर लग्नातल्या नवरा-नवरीच्या सोफ्यावर बसवलं. सोफा एवढा उंच की पाय खाली टेकेनात. पावलं पुढे झुकून लोंबत राहिली. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता, कारण कार्यालयाचा संडास कुठे असेल आणि कसा असेल, हे त्यांना न बघताच माहीत होतं. अक्षतानं बाटली पुढे केली, ती त्यांनी हातानं बाजूला सारली.

समोर सारी ओळखीची तोंडं. साळूबाई पहिल्या रांगेत, नंदाबाई तिच्या शेजारी. ज्यांना बाईंनी पाढे शिकवले ते बापे आता पोट सुटून, रुमालानं वारा घेत बसले होते. सोयाबीनचे सौदे करताना आडत्याला घाम फोडणारे हे लोक इथं आ वासून बसले होते. कडूबाही होते, मागे, चहाच्या टेबलाजवळ.

मोठे साहेब म्हणजे देवानंद नावाचे एक गृहस्थ, संभाजीनगरहून आलेले. एवढ्या उकाड्यात कोट घालून आले होते, आणि घाम पुसत असले तरी कोट काढत नव्हते. त्यांनी माइक हातात घेतला.

"रक्तात काय असतं?"

"लोह!" पुढच्या रांगेतल्या पढवलेल्या पोरांनी उत्तर दिलं.

"आणि लोहाला कोण खेचतं?"

"चुंबक!" या वेळी अख्खं कार्यालय ओरडलं. साळूबाई सुद्धा.

बाईंनी चौथीच्या वर्गाला चुंबक किती वेळा शिकवलं असेल याला गणती नाही. टाचणी चिकटते, खिळा चिकटतो, खोडरबर चिकटत नाही. ढ मुलालासुद्धा ते समजायचं. रक्त जर चुंबकाला ओढलं जात असतं तर बूट घातल्याबरोबर सगळं रक्त टाचेत उतरून माणूस जागच्या जागी आडवा झाला असता. एवढा साधा विचार करायला त्या कार्यालयात एकाचंही डोकं मोकळं नव्हतं. आपण यांना शिकवलं, बाई मनात म्हणाल्या. आणि त्यांना पहिल्यांदाच स्वतःच्या नोकरीविषयी शंका आली.

देवानंद पुष्कळ वेळ बोलले. मग जाहीर झालं, "आता बोलतील आपल्या गावच्या आदरणीय शिक्षिका, आपले सुमितसर यांच्या सासूबाई!"

टाळ्या पडल्या. बाई सोफ्यावरून उतरल्या, माइकपाशी आल्या. "मी हे सोल वापरते," त्या म्हणाल्या. ठरल्याप्रमाणे त्यांचं भाषण इथं संपलं होतं. त्या वळल्या, आणि वळताना उजव्या पायात असा पेटका भरला की डोळ्यांपुढे अंधारी आली. बोटं बुटाच्या आत एकावर एक चढली. बाईंनी माइकचा दांडा धरला आणि त्यांचा सगळा प्रमाण मराठीचा अभ्यास एका क्षणात गळून पडला.

"आगं माय गं! मेले, मेले, मेले!"

कर्ण्यातून हा आवाज रस्त्यापर्यंत गेला. कार्यालय उठून उभं राहिलं. साळूबाई खालून ओरडली, "धागा! म्या सांगत होते, धागा!" कुणी कान दाबा म्हणालं, कुणी कांदा हुंगवा म्हणालं, फिट आलेल्या माणसाचा आणि पेटका आलेल्या माणसाचा फरक तिथं कुणालाच कळत नव्हता. सुमित धावत आला. बाईंनी बूट ओरबाडून काढला, त्यातला निळा सोल उडून फुलांच्या कुंडीत पडला. सुमितनं तो उचलला, गुडघ्यावर बसला आणि तो पुन्हा त्यांच्या पायाखाली सरकवू लागला.

"बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. "सुमितराव, आधी बाजूला व्हा!"

आणि मग, दुसरं काहीच सुचेना म्हणून, शेळ्या बघत बसणाऱ्या त्या मुलीचं बोलणं त्यांना आठवलं. टाच उचलायची नाही. बाईंनी अनवाणी पाऊल फरशीवर सपाट ठेवलं आणि सगळा भार त्यावर दिला. कळ मस्तकात गेली. त्यांनी भार काढला नाही. मग तिथंच खाली बसल्या, पाय सरळ केला, साडीची, लोकांची पर्वा न करता बोटं हातांत धरून नडगीकडे ओढली आणि धरून ठेवली. हळूहळू गाठ ढिली पडली. तळवा थरथरला आणि मऊ झाला. अक्षतानं बाटली पुढे केली. बाईंनी ती तोंडाला लावली आणि रिकामी होईपर्यंत खाली घेतली नाही.

इतका वेळ देवानंदांच्या कपाळावर घामाचे ओघळ वाहत होते. पण तो गडी कच्चा नव्हता. त्यांनी माइक उचलला.

"पाहिलंत? मित्रांनो, पाहिलंत? यालाच आम्ही शुद्धीचा झटका म्हणतो! वर्षानुवर्षांचा आजार सोलनं खेचून बाहेर काढला. तुमच्या डोळ्यांदेखत! मिनिटभरात आजी चालायला लागल्या!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या.

बाई उठल्या. एका पायात बूट, दुसरा अनवाणी. त्यांनी देवानंदांच्या हातातून माइक काढून घेतला. वर्गातल्या पोराच्या हातातली गोटी काढून घ्यावी तसा.

"गप्प बसा," त्या म्हणाल्या, आणि ती सगळी मोठी माणसं खरंच गप्प बसली. "हा पेटका सोलनं गेला नाही. सोलनं आला. घट्ट बुटात पाय कोंबला, तासभर लोंबकळत ठेवला, सकाळपासून पाणी प्यायले नाही, म्हणून आला. पाऊल जमिनीवर दाबलं, बोटं ओढली, म्हणून गेला. तुम्ही सगळ्यांनी बघितलं. डोळ्यांनी बघितलं. रक्त चुंबकाला चिकटत नाही. तुमच्यातल्या निम्म्यांना हे मी स्वतः शिकवलंय आणि त्याची मला आज लाज वाटते. चुंबक लागतं ते खिळ्यांना. तुमच्या डोक्यात खिळे असतील तर खुशाल घ्या."

काही जण हसले. मागचे दोघे-तिघे उठले. बाईंना वाटलं, संपलं. मग त्यांनी पाहिलं की उठलेले लोक दाराकडे नव्हे, कोपऱ्यातल्या विक्रीच्या टेबलाकडे चालले होते. तिथं रांग लागत होती. साळूबाई नंदाबाईला सांगत होती, "बोलणं तिखट हाय बाईंचं, पर गुण तर आला का न्हाई? बराबर मिनिटात पाय सुटला. माझ्यासाठी बी एक जोड घे जल्दी."

त्या रांगेत कडूबा उभे होते.

बाई तिथवर लंगडत गेल्या. "तुम्ही?"

"आगं, ते पोरगं एवढं मरमर करून राह्यलं," कडूबा खाली बघत म्हणाले. "एक जोड घेतला तर काय होतंय? घालणार कोण हाय?"

बाई तशाच लंगडत रिक्षाकडे निघाल्या.

रिक्षात अक्षता त्यांच्या शेजारी बसली, ती घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली. घरात आल्यावर तिनं पर्स टेबलावर आपटली.

"दोन शब्द मागितले होते. तुला सगळ्या गावासमोर त्यांना मूर्ख ठरवायचं होतं."

"मी त्यांचं नावही घेतलं नाही. आणि मूर्खाला मूर्ख—"

"हो, सगळे मूर्खच! साळूमावशी मूर्ख, संपतकाका मूर्ख, बाबा मूर्ख, सुमित तर काय, पहिल्या दिवसापासून. आणि तू? डॉक्टरीणबाईंनी तुला सगळं सांगितलं होतं. पाणी पी, बूट सैल घाल, रक्त तपास. बाबांनी सांगितलं मला. त्यातलं एक तरी केलंस? साळूमावशी खोटं ऐकून फसते. तू तर खरं ऐकूनही केलं नाहीस. का, तर सांगणारी तिसरीत तुझ्या वर्गात होती!"

बाईंचा हात उगाच टेबलावरच्या पेल्याकडे गेला. मुलगी ओरडत होती आणि तिचं व्याकरण, उच्चार, मुद्द्यांचा क्रम, सगळं बिनचूक होतं. खोडायला जागा नव्हती.

"झालं बोलून?" त्या म्हणाल्या, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

अक्षता त्याच संध्याकाळी नवऱ्याबरोबर निघून गेली. पुढे बरेच दिवस तिचा फोन आला नाही.

सोमवारी बाई रुग्णालयात गेल्या, एकट्या. रांगेत उभ्या राहिल्या, ओळखीनं पुढे घुसल्या नाहीत. अर्पितानं मेळाव्याचं ऐकलं असणार. गावात ते ऐकलं नाही असं कुणी नव्हतं. पण तिनं सरळ रक्त घ्यायला सांगितलं, अहवाल आल्यावर क्षार कमी असल्याचं दाखवलं आणि प्रेशरची गोळी बदलून दिली.

"आणि पाणी, बाई?"

"पिते," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, खिडकीकडे बघत, "तुमच्या दवाखान्याचा संडास बघून आले. स्वच्छ आहे."

अर्पिता हसली नाही. तिनं नुसती मान डोलावली. बाईंना त्या मुलीचं हे पहिल्यांदाच आवडलं.

पेटके कमी झाले. अगदी गेले नाहीत. आला की बाई भिंतीला हात लावून पाऊल टेकवत, बोटं ओढत, आणि कडूबा पातेल्यात पाणी गरम करायला ठेवत. काळे बूट त्यांनी भंगारवाल्याला दिले आणि बाजारातून पुरुषी वाटाव्यात अशा रुंद चपला आणल्या. साळूबाईनं त्या चपलांना नाव ठेवलं. साळूबाई स्वतः पायात सोल घालून फिरत होती आणि तिचे गुडघे पूर्वीसारखेच दुखत होते, पण दुखण्याचा प्रकार बदललाय, असं ती सांगायची. बाई ते ऐकून घेत आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा खाली जाई.

पावसाळ्याच्या तोंडावर कंपनीचा संभाजीनगरचा फोन लागेनासा झाला. देवानंद कुठे गेले ते कुणालाच सांगता येईना. ज्यांनी सोल घेतले ते लोक सुमितच्या दारात आले नाहीत, ही एक गोष्ट बाईंना चकित करून गेली. कुणाला फसलो असं वाटतच नव्हतं. सुमितला एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम मिळालं.

मग एका दुपारी अक्षता एकटीच आली. हाक न मारता आत आली आणि स्वयंपाकघरातल्या पाटावर बसली. बाईंनी विचारलं नाही, सरळ ताट वाढलं. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, वांग्याची भाजी. पोर भुकेली होती. अर्धी भाकरी संपल्यावर ती म्हणाली, "पाय कसा आहे?"

"बरा आहे."

"पाणी पितेस?"

"पिते."

अक्षता थोडा वेळ जेवत राहिली. मग भाजीकडे बघत म्हणाली, "सुमित म्हणत होते, जिनिंगमधल्या एकानं त्यांना सांगितलंय. शेळीपालन. सरकारी योजना आहे म्हणे. यात नुकसान होतच नाही."

बाईंच्या हातात उलथनं होतं. जिभेवर वाक्य तयार होतं. नीट बांधलेलं, धारदार, आणि शंभर टक्के खरं. शेळ्या त्या माणसापेक्षा हुशार निघतील आणि त्यालाच विकून येतील, असं काहीतरी. पोरीनं घास तोंडाशी धरून ठेवला होता आणि ती त्या वाक्याची वाट बघत होती.

बाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. "आणखी अर्धी घे."